आकडा नीट दिसत नाही

पोंभुर्णा,
४ डिसेंबर १९८६

प्रिय कमला,

सप्रेम जयभीम.

हे पत्र मी सांगतो आहे आणि शेजारच्या सोमाजी भोयराचा मुलगा पत्रू लिहितो आहे. हा उन्हाळ्यात तेंदूपानाच्या फडीवर पुडे मोजून लिहिणारा मुन्शी असतो, हिवाळ्यात रिकामा. दहावीला इंग्रजी आणि गणितात राहिला, पण मराठीची वेलांटी चुकवत नाही. मी 'मले' म्हटले की हा 'मला' लिहितो. टोकले तर म्हणतो, काकाजी, कागदावर 'मला'च असते. असो.

सुजाता आणि बाळ बरे आहेत हे जावयांच्या निरोपावरून कळले. माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या चौथ्या दिवशी तू मला सोडून गडचिरोलीला गेलीस याबद्दल माझी तक्रार नाही. पोरगी आधी. माझा डोळा बरा आहे. डॉक्टरांनी सांगितले की जाड चष्मा सहा आठवड्यांनी मिळेल, म्हणजे जानेवारी उजाडेल. तोवर मला सगळे धुक्यात दिसते. पत्रू वाचतो, मी ऐकतो.

आता कामाचे. आपल्या विमानतळाच्या निवृत्त मंडळींची स्मरणिका निघते आहे. नवराबायको दोघेही एकाच खात्यात असलेले आपणच, म्हणून दोघांच्या आठवणी मिळून एक लेख मागितला आहे. मी ऑक्टोबर १९६७ चा तो गुरुवार घेतला. मी कंट्रोलवर उंचीची चिठ्ठी लिहिणार, तू भिंतीपलीकडे रेडिओ रूममध्ये ती पायलटाला वाचून दाखवणार. मुंबईकडचे विमान पंधरा हजार फुटांवरून येत होते, मद्रासकडचे खालून वर चढत होते. दोघे आपल्या डोक्यावरून एकमेकांना ओलांडणार. मी मद्रासवाल्यासाठी चिठ्ठी लिहिली, सोळा हजार. तुला आकडा वाचता आला नाही. तू त्याला 'स्टँड बाय' म्हणून लटकावून ठेवलेस आणि मला फोन केलास, "आकडा नीट दिसत नाही, पुन्हा लिहून द्या." मी दुसरी चिठ्ठी बिरजू शिपायाच्या हाती पाठवली म्हणून निभावले. हे असेच लिहितो आहे. तुझी संमती कळव.

दुसरे. तुझ्या नावाने इंग्रजीत एक पत्र आले आहे. पत्रूला इंग्रजी येत नाही, मला दिसत नाही. तो एकेक अक्षर म्हणत गेला, मी शब्द जुळवत गेलो. एका पानाला पूर्ण दुपार गेली, त्यामुळे त्यातले अक्षरन् अक्षर माझ्या ध्यानात आहे. पत्र कॅप्टन बलसारांचे. मुंबईवाले विमान त्यांचेच होते. लिहितात, "मी तुम्हाला कधी पाहिले नाही, पण वीस वर्षे तुमचा आवाज ऐकत आलो. त्या दुपारी तुम्ही दुसऱ्या विमानाला 'स्टँड बाय' म्हणालात, तेव्हा तुमच्या आवाजात काहीतरी बदलले. ते मी विसरलो नाही. ताडोब्याला येतो आहे. भेटून एक गोष्ट विचारायची आहे."

पत्र सोबत जोडले आहे. तुझ्या आवाजात काय बदलले होते ते तुलाच माहीत.

नेहमीप्रमाणे तीन गोष्टी सांगतो, उत्तरात परत म्हणून दाखव. एक, लेखाला संमती. दोन, बाळाचे वजन. तीन, या बलसाराला तू काय उत्तर देणार.

तुझा,
वामन फुलझेले


गडचिरोली,
११ डिसेंबर १९८६

ती. स्व. सुजाताचे बाबांस,

जयभीम.

परत म्हणून दाखवते. एक, लेखाला संमती. तुम्ही म्हणता तसंच लिहा, आकडा मला दिसला नाही. दोन, बाळाचं वजन पावणेसहा पौंड. तीन, कॅप्टनसाहेबांना मी या म्हणून कळवलं आहे. ते जावयांच्या शाळेजवळच्या रेस्ट हाऊसला उतरतील आणि सव्वीस तारखेला इकडे चहाला येतील.

लोकांना हसू येतं की आपण घरात असं बोलतो. जावई परवा सुजाताला विचारत होते, "तुझे आईबाबा भांडतात का दुकानात यादी देतात?" मी त्यांना सांगितलं, आमच्या कामात ऐकलेलं परत म्हणून दाखवावं लागे, नाहीतर माणसं मरत. मीठ आण म्हटलं की "मीठ आणतो" असं म्हणायची सवय तिथूनच लागली.

डोळ्यात थेंब वेळेवर टाका. गोठ्याकडे एकटे जाऊ नका.

तुमचं पत्र फार छान लिहिलेलं होतं. किती दिवसांनी असं स्वच्छ अक्षर पाहिलं. एक काना मागेपुढे नाही. सुजातानेही वाचलं आणि म्हणाली, बाबा इतकं चांगलं कधीपासून लिहायला लागले? पत्रूला माझा आशीर्वाद सांगा. नावच पत्रू, पत्र चांगलं लिहील नाही तर काय!

आपली,
कमला


पोंभुर्णा,
१६ डिसेंबर १९८६

कमला,

तुझे पत्र पत्रूने वाचून दाखवले. आपल्या तारिफेपाशी आला तेव्हा अडखळला, तरी मी त्याला ते दोनदा वाचायला लावले.

मी एकवीस वर्षे चिठ्ठ्या लिहिल्या. कोणते विमान किती उंचीवर, कोण आधी, कोण नंतर, हे सगळे माझ्या डोक्यातून निघाले. पायलटांना ऐकू आलीस तू. दिवाळीला भेटकार्ड यायचे ते तुला. "थँक यू, मॅडम." माझे नाव एकाही पायलटाला ठाऊक नव्हते. तेव्हा डोके माझे आणि आवाज तुझा. आता बोलणे माझे आणि अक्षर या पोराचे. साठ वर्षांचा झालो, माझे म्हणून कोणाला काही पोचलेच नाही.

वाचता न येणारीला आभार आणि लिहिणाऱ्याला काही नाही, हा कुठला न्याय? तुझ्या चुकीने ते विमान लटकले आणि त्याच दुपारची आठवण काढत तो माणूस जंगल तुडवत तुझ्याकडे येतो. काय विचारायचे आहे त्याला? वीस वर्षांत पत्राने विचारता आले नाही?

तू म्हणशील, म्हातारपणी हे काय. मीही स्वतःला तेच म्हणतो. दिवसभर खाटेवर बसून असतो, डोळ्यापुढे काही नसते, तेव्हा तेच दिसते. तो चहा पितो आहे आणि तू बोलते आहेस.

मी आज तुझी पेटी पत्रूकडून उघडून घेतली. बलसाराची जुनी पत्रे असतील तर मला कळली पाहिजेत. पत्रे निघाली नाहीत. म्हणजे नाहीत, किंवा तू सोबत नेलीस.

वामन फुलझेले


पोंभुर्णा,
१६ डिसेंबर १९८६

ती. कमलाकाकूंस,

पत्रूचा साष्टांग नमस्कार.

काकाजींचे पत्र आजच्या डाकेने वेगळे येईल. हे मी माझ्या मनाने लिहितो आहे, त्यांना माहीत नाही. याची मला फार भीती वाटते. आजपर्यंत त्यांनी सांगितले तेवढेच मी लिहिले. 'मले'चे 'मला' केले, तेवढाच दोष.

आज दुपारी काकाजी म्हणाले, "तिची पेटी उघड."

मी म्हणालो, "काकूंची पेटी मी कशी उघडू?"

"मी नवरा आहो तिचा. उघड म्हनतो ना. कागद-गिगद जे भेटंल ते वाच."

मी उघडली. वर लुगडी, खाली तुमच्या नोकरीचे कागद. पत्र एकही नव्हते, हे मी शपथेवर सांगतो. तळाशी एक चष्म्याची डबी होती. डबीत चष्मा आणि चष्म्याखाली घडी केलेली एक पिवळी चिठ्ठी. मला वाटले आपली नजर चुकते आहे, म्हणून मी तो चष्मा लावून पाहिला. काहीच फरक पडला नाही. तो साध्या काचेचा आहे, काकू. खिडकीच्या काचेसारखा.

चिठ्ठीवर तारीख ऑक्टोबर १९६७ ची. वर विमानाचा नंबर, खाली काकाजींची सही. ही सही त्यांच्या पेन्शनच्या कागदावर मी रोज पाहतो. मध्ये आकडा, १५ हजार. मी चार वेळा पाहिला. उजेडात नेऊन पाहिला. सोळा नाही. पाच इतका स्पष्ट आहे की लहान पोरही वाचेल. आणि लेखात तर काकाजींनी सांगितले होते की बलसारासाहेबांचे विमान आधीच पंधरावर होते.

काकाजींनी विचारले, "काय भेटलं? त्या बलसाराचं हाय का?"

मी म्हणालो, "जुनी चिठ्ठी आहे काकाजी. आकडा नीट दिसत नाही."

ते हसले. म्हणाले, "तिच्या पेटीतलं तिच्यासारखंच! तिलेबी दिसत नव्हता."

मी चिठ्ठी होती तशी ठेवली.

आणखी एक सांगतो. पत्राच्या शेवटी काकाजींनी एक वाक्य सांगितले होते. ते फार कडू होते, मी लिहिले नाही. मी म्हणालो, "थांबा काकाजी, शाई संपली." शाई संपली नव्हती. ते वाक्य माझ्याजवळ आहे. मी मुन्शी आहे, सांगितलेले लिहिणे माझे काम. मी चूक केली का? तुम्ही सांगाल तसे करीन. झोप लागत नाही.

आपला आज्ञाधारक,
पत्रू सोमाजी भोयर


गडचिरोली,
२१ डिसेंबर १९८६

चि. पत्रूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी बाळाला मांडीवर घेऊन वाचलं आणि मला रडू आलं. तुझ्यामुळे नाही, त्या चष्म्यामुळे.

तू चिठ्ठी पाहिलीसच, तर पूर्ण ऐक. आमच्या कामाचा नियम असा होता की कंट्रोलरने लिहिलेला शब्द ऑपरेटरने बदलायचा नाही. तो लिहील ते बोलायचं, वेळ टाकायची, सही करायची. रेडिओ रूमला खिडकी नव्हती, मला विमान दिसत नसे. पण मुंबईवाल्याला पंधरा हजार मीच दहा मिनिटांपूर्वी वाचून दाखवलं होतं. आणि मद्रासवाल्याच्या चिठ्ठीवरही पंधरा. मी बटण दाबून "स्टँड बाय" म्हटलं. तुझ्या काकाजींना फोन केला. म्हणायचं होतं, तुम्ही चुकलात. पण त्यांच्या खोलीत आणखी तिघे होते.

त्या ऑफिसात आमच्या समाजाचा कंट्रोलर ते एकटेच. बाकीचे तोंडावर गोड, मागे म्हणत, "बघू किती दिवस टिकतो." सोमवारी त्यांची बढतीची मुलाखत होती. तेव्हा माझ्या तोंडून निघालं, आकडा नीट दिसत नाही. त्यांनी चिडून दुसरी चिठ्ठी लिहिली, सोळा. पहिली चिठ्ठी काय होती ते त्यांनी विचारलंही नाही. मी रजिस्टरात माझीच चूक लिहिली आणि खाली सही केली. ती चिठ्ठी फाइलला लावायला हवी होती, ती मी पदराला बांधली.

घरी आल्यावर ते म्हणाले, "तुला चष्मा लागला." डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, बाईंची नजर उत्तम आहे. मी डॉक्टरांच्या हातापाया पडले आणि साध्या काचेचा चष्मा करून घेतला. आठ महिने लावला. कानामागे घट्टे पडले.

सांगायचं होतं. आधी वाटलं बढती होऊ दे. मग वाटलं पहिला पगार येऊ दे. मग ते पाहुण्यांना ती गोष्ट हसून सांगायला लागले, मग सांगता येईना.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. शाई संपली म्हणालास, तेही 'स्टँड बाय'च. पण पत्रू, 'स्टँड बाय' म्हणजे नाही असं नव्हे. जरा थांब, मी परत येते, असा त्याचा अर्थ. कोणाला स्टँड बाय म्हणून तसंच सोडून देणं हा आमच्यात सगळ्यात मोठा गुन्हा. मी त्या पायलटाला दीड मिनिट थांबवलं आणि यांना एकोणीस वर्षं.

चष्मा आला की चिठ्ठी त्यांच्या हातात दे. तू वाचू नको, त्यांना वाचू दे. त्यानंतरही ते वाक्य त्यांना मला पाठवायचं असेल, तर शाई भर आणि लिही. मी सोडवणार नाही तुला.

कमला


गडचिरोली,
२७ डिसेंबर १९८६

ती. स्व. सुजाताचे बाबांस,

जयभीम.

तुमचं सोळा तारखेचं पत्र मिळालं. पेटी पाहिलीत, बरं केलं. किल्ली तुमच्याच उशाखाली ठेवून आले होते.

काल कॅप्टनसाहेब आले. काठी टेकत, अंगात हिरवा स्वेटर. मी दारात उभी राहून म्हटलं, "नमस्ते, कॅप्टनसाहेब." ते नुसते पाहत राहिले. मी पुन्हा म्हटलं. त्यांनी कानामागे हात धरला आणि मान हलवली. ते बहिरे झाले आहेत. इतकी वर्षं इंजिनाजवळ बसून दोन्ही कान गेले. माझा आवाज ऐकायला आलेल्या माणसाला माझा एक शब्द ऐकू आला नाही.

मग मी सुजाताची वही घेतली आणि चिठ्ठ्या लिहून देत गेले. ते वाचून मोठ्याने उत्तर देत, इतक्या मोठ्याने की बाळ दचकून उठे. त्यांनी विचारलं, "त्या दिवशी माझी उंची कोणी दिली होती दुसऱ्याला?" हेच त्यांना विचारायचं होतं. मी लिहिलं, "कोणी नाही. आकडा नीट दिसत नव्हता." त्यांनी ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि कागद घडी करून खिशात ठेवला. मग दोन पेढे खाल्ले आणि गेले.

तुम्हाला काय दिसत होतं कोण जाणे. पण चहा पिताना मी बोलत नव्हते, लिहीत होते. तेव्हा पहिल्यांदा कळलं की आपण लिहितो आणि समोरच्याला आपला आवाज पोचत नाही, हे कसं वाटतं.

थेंब टाका.

कमला


पोंभुर्णा,
४ जानेवारी १९८७

ती. कमलाकाकूंस,

पत्रूचा साष्टांग नमस्कार.

तुमचे सत्तावीस तारखेचे पत्र मी जसेच्या तसे वाचून दाखवले. बलसारासाहेबांच्या कानांचे ऐकून काकाजी म्हणाले, "पुन्हा वाच." मी वाचले. "आखीन एक डाव." तिसऱ्यांदा वाचल्यावर म्हणाले, "माझी उंची कोनं देल्ली, असं विचारलं त्यानं?"

काल चष्मा आला. फार जाड आहे, डोळे मोठे दिसतात. आधी त्यांनी कॅलेंडर वाचले, मग माझी वही घेऊन माझे अक्षर पाहिले. म्हणाले, "चांगलं हाय लेका. म्हनूनच राग येते."

मी पेटीतली चिठ्ठी आणि चष्म्याची डबी आणून त्यांच्या मांडीवर ठेवली. मी म्हणालो, "काकाजी, त्या दिवशी मी खोटे बोललो. आकडा दिसत होता."

त्यांनी चिठ्ठी उन्हात धरली, जवळ नेली, लांब नेली. मग डबीतला तुमचा चष्मा काढला, आपला नवा चष्मा काढून तो लावला आणि त्यातून आपल्या हाताकडे पाहिले. माझ्याकडे पाहिले. तो काढून पुसला आणि परत डबीत ठेवला.

मला म्हणाले, "ते वाक्य हाय ना तुह्याजवळ?"

मी म्हणालो, "आहे."

"फाडून टाक."

"लिहिलेच नाही काकाजी. फाडू काय?"

तेव्हा ते म्हणाले, "मंग विसर. नं बाहेर जाऊन बस. दौत ठेव इथीच."

सोबतचे पत्र त्यांनी स्वतः लिहिले आहे. मी एकही अक्षर दुरुस्त केलेले नाही. फार इच्छा झाली होती.

आपला आज्ञाधारक,
पत्रू सोमाजी भोयर


पोंभुर्णा
ता. ४

कमला,

जयभीम.

हे मी सोता लिहून राह्यलो. रेघा वाकड्या गेल्या त समजून घे.

आकडा पंधरा हाय. माझ्याच हातचा हाय. पाचाची टोपी मी अशीच काढतो. दुसरी चिठ्ठी लिवली तवा मी रागात होतो, पयली आठवलीच नाई. दोन विमानं भरून मानसं होती नं मी तुह्या डोळ्यायले हसत राह्यलो. पाव्हन्यायपुढं हसलो. पोरीपुढं हसलो.

तू सांगतलं काऊन नाई, हे विचारनार नाई. त्या खोलीतले तिघं मले आठवतात.

पन एक सांगतो. बलसाराले तुहा आवाज आयकू आला नाई, हे आयकून मले बरं वाटलं. खोटं काऊन बोलू. मंग वाटलं, मी त्याच्यावर जळतच नव्हतो. तुह्यावर जळत होतो. माझं लिवलेलं कोनाले दिसत नाई म्हनून. ज्या दिवशी साऱ्यायले दिसलं असतं, त्या दिवशी तू झाकलं.

अजूनबी जळतो. कमी नाई झालं. तू केलं तेवढं मोठं काम माझ्या हातून कधी झालं नाई.

लेख खरा लिवनार हाओ. पत्रूच्या हातानं, त्याच्या 'मला'नं, पन खरा. तुही परवानगी मांगत नाई, खाली तुही सही मांगतो.

तीन गोष्टी. परत म्हनून दाखव.

एक, आकडा पंधरा.

दोन, तुह्या डोळ्यायले कायबी झालं नव्हतं.

तीन, पोरीचं झालं का घरी ये.

वामन


(पोस्टकार्ड)

गडचिरोली,
९ जानेवारी १९८७

जयभीम.

एक, आकडा पंधरा. स्पष्ट दिसतो.

दोन, डोळ्यांना काही झालं नव्हतं.

तीन, घरी येते. मंगळवारी, दुपारच्या एसटीने.

ऐकण्यात चूक असेल तरच कळवा.

कमला